रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे
गिरणीच्या मजुरास रविवारची सुटी कशी मिळाली



कापसाचा हंगाम सुरू झाला म्हणजे वरणगांव, भुसावळ, बोदवड, जळगांव ह्या बाजूच्या खेड्यांतून पुष्कळ बाया-बापडे जिनांत कामास जातात. तेथें सरकी निराळी होते, रुई निराळी होते, रुईच्या गांठी बांधल्या जातात, आणि ह्या सर्वांबरोबर कापसाची फूस मजुराच्या घशांत जाते. हें काम दिवसाकांठीं किती तास करावें, मध्यें भाकर खाण्यास किती वेळ असावा, आठवड्यांतून एक दिवस घरीं राहावयास मिळावें कीं नाहीं, मजुरी कोणत्या तारखेस हातीं पडावी, यंत्रांत बोटें सांपडलीं तर पुढें पोटाचें काय, हे प्रश्न आमच्या लोकांस नवे नाहींत. परंतु हे पांचही प्रश्न मजुरांच्या सह्यांनिशीं सरकारपुढें मांडणारा आपल्या मुलुखांतील पहिला गृहस्थ कोण, हें आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत फारसें कोणास ठाऊक नसावें. त्यांचें नांव नारायण मेघाजी लोखंडे. त्यांचें चरित्र आज आम्ही सांगतों.

नारायणरावांचें घराणें मूळचें पुणें जिल्ह्यांतील खेड तालुक्यांतलें, कन्हेरसर गांवचें, जात फुलमाळी. पोटापाण्यासाठीं हें कुटुंब ठाण्यास येऊन राहिलें व तेथें १८४८ सालीं नारायणरावांचा जन्म झाला. त्याच सालीं जोतीराव फुले यांनीं पुण्यास मुलींची शाळा काढली. पुढें ह्याच जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाशीं नारायणरावांचा जन्माचा संबंध जडला. ठाण्यास बेताचें शिक्षण झाल्यावर त्यांनीं प्रथम रेल्वेच्या टपालखात्यांत नोकरी केली, आणि नंतर मुंबईस मांडवी येथील एका गिरणींत कोठारावरचे कारकून म्हणून ते राहिले.

ही दुसरी नोकरीच त्यांच्या पुढील आयुष्याचें मूळ होय, असें आम्हांस वाटतें. कोठारावरच्या कारकुनाची जागा मालक आणि मजूर ह्यांच्या मधोमध असते. तो मजुरी करीत नाहीं, पण भोंगा कधीं वाजतो, दिवे कधीं मालवतात, कोण आजारी पडून गांवीं गेला, कोणाचा पगार दंडांत कापला गेला, हें त्याच्या डोळ्यांआड राहत नाहीं. पुष्कळ कारकून हें सारें पाहतात आणि मुकाट्यानें आपली खतावणी लिहितात.

त्या वेळच्या गिरण्यांची स्थिति अशी होती. मुंबईंतील पहिली कापडगिरणी १८५६ सालीं चालू झाली, आणि पुढील वीस वर्षांत परळ, भायखळा ह्या बाजूस चिमण्याच चिमण्या उभ्या राहिल्या. रत्नागिरी, सातारा, पुणें येथील कुणबी व इतर गोरगरीब तेथें जाऊन राहूं लागले. अद्याप विजेचे दिवे आले नव्हते, म्हणून सूर्य उगवला कीं यंत्र सुरू आणि सूर्य मावळला कीं यंत्र बंद, हाच नियम असे. उन्हाळ्याच्या दिवसांत अशा रीतीनें तेरा तासांच्या वर काम होई. दुपारीं जेवणास मिळे तो वेळ इतका थोडा कीं, पुष्कळ मजूर यंत्राशेजारींच भाकर खात. आठवड्याची ठराविक सुटी नव्हती. सणाच्या दिवशीं गिरणी बंद राही, आणि ज्या रविवारीं बंद राही त्या रविवारींहि सकाळचा वेळ यंत्रें पुसण्यांत जाई. पगार महिना उलटून पुढचा महिना बराच सरला तरी हातीं येत नसे; तोंवर वाण्याकडून उधारीवर धान्य, आणि त्या उधारीवर व्याज. सात-आठ वर्षांचीं पोरें मोठ्या माणसांबरोबर उभीं राहत.

वाचक विचारतील, ज्या इंग्रजांचें राज्य होतें त्यांच्या स्वतःच्या देशांत ह्यास कांहीं कायदा नव्हता काय? होता. इंग्लंडांत १८३३ सालीं नऊ वर्षांखालील मुलांस कापडगिरण्यांत घेण्याची मनाई झाली व कायदा पाळला जातो कीं नाहीं हें पाहण्यास सरकारी इन्स्पेक्टर नेमले गेले. १८४७ सालीं स्त्रिया व वाढत्या वयाचीं मुलें ह्यांच्या कामास दहा तासांची मर्यादा घातली गेली. स्वित्झर्लंड देशानें १८७७ सालीं पुरुषांसहि अकरा तासांहून अधिक राबवूं नये असें ठरविलें. परंतु हीं कलमें आगबोटींत बसून मुंबईस आलीं नाहींत. सूत काढण्याचीं यंत्रें मात्र आलीं.

पुढें कायद्याची गोष्ट निघाली, ती निराळ्याच वाटेनें. मुंबईचें सूत स्वस्त पडूं लागल्यावर इंग्लंडांतील लँकेशायर प्रांताचे गिरणीवाले अस्वस्थ झाले, व हिंदुस्थानांतील मजुरांच्या तासांस मर्यादा घाला म्हणून त्यांनीं आपल्या सरकारापाशीं तगादा लावला. त्यांच्या मनांत मजुराची दया किती व आपल्या मालाची काळजी किती, हें सांगणें कठीण नाहीं. म्हणून येथील बहुतेक देशी वर्तमानपत्रांनीं व पुढाऱ्यांनीं ह्या कायद्यास विरोध केला. आपला बाळसें धरणारा धंदा परक्यांच्या हिताकरितां मारला जात आहे, असें त्यांचें म्हणणें. तें अगदींच खोटें नव्हतें. तरी सोराबजी शापूरजी बंगाली ह्या पारशी गृहस्थांनीं १८७८ सालीं केवळ भूतदयेनें एका कायद्याचा मसुदा तयार केला, आणि शेवटीं १८८१ सालीं हिंदुस्थानांतील पहिला कारखान्यांचा कायदा झाला.

हा कायदा फार तोकडा होता. शंभर किंवा अधिक माणसें असलेल्या यांत्रिक कारखान्यांस तेवढा तो लागू. सात वर्षांखालील मुलास कामावर घेऊं नये. सात ते बारा वर्षांच्या मुलांनीं नऊ तासच काम करावें, त्यांस दिवसांतून एक तास विसांवा व महिन्यांतून चार सुट्या असाव्या. धोक्याच्या यंत्रांस कुंपण असावें. इतकेंच. मोठ्या माणसांविषयीं, मग तो पुरुष असो वा अंगावर पिणारें मूल असलेली स्त्री असो, एक अक्षरहि नव्हतें. शिवाय वर्षांतून चार महिन्यांहून अधिक न चालणारे हंगामी कारखाने त्यांतून वगळले होते. त्यामुळें आमच्या खानदेशांतील अनेक जिनें कायद्याबाहेर राहिलीं. तेथें तर गिरण्यांहूनहि वाईट हाल होते. पहांटे अंधारांत सुरू झालेलें काम रात्रीं उशिरांपर्यंत चाले, आणि कापसाचे ढीग सांचले म्हणजे रात्रंदिवस चाले, अशी हकीकत त्या काळच्या सरकारी चौकशींत पुढें आली होती. त्या कामांत स्त्रियांचाच भरणा अधिक.

ह्या सुमारास नारायणरावांनीं नोकरी सोडली होती. कृष्णराव भालेकर यांनीं १८७७ सालीं पुण्यास सुरू केलेलें ‘दीनबंधु’ पत्र पैशाअभावीं बंद पडलें होतें. तें १८८० सालीं मुंबईस आणून नारायणरावांनीं संपादकत्व पत्करलें. बांधलेला पगार टाकून बुडालेलें वर्तमानपत्र हातीं घेणें, हें व्यवहारी माणसाचें लक्षण नव्हे. पण त्यामुळें मजुरांचें गाऱ्हाणें छापण्यास एक जागा झाली. परक्या गिरणीवाल्यांचा ह्या कायद्यांत लाभ आहे, तेवढ्यानें येथील मजुराचा शीण कमी होत नाहीं, अशी नारायणरावांची दृष्टि होती. आणि ज्या प्रश्नावर बहुतेक सर्व मोठीं पत्रें एका बाजूस होतीं त्या प्रश्नावर ते दुसऱ्या बाजूस उभे राहिले. देशद्रोहाचा आळ अंगावर येण्याजोगी ती जागा होती.

१८८४ सालीं मुंबई सरकारनें कायद्यांत सुधारणा कराव्या कीं काय, हें पाहण्यास एक कमिशन नेमलें. अशा कमिशनांपुढें कोण साक्षी देतात तें आमच्या वाचकांस ठाऊक आहे: मालक, व्यवस्थापक, डॉक्टर, अंमलदार. ज्याचें अंग दुखतें तो गैरहजर. नारायणरावांनीं त्या वर्षीं सप्टेंबरच्या २३ व २६ तारखांस परळ येथें मजुरांच्या दोन सभा भरविल्या. तेथें मागण्यांचा अर्ज वाचून मंजूर झाला, आणि त्यावर ५५०० मजुरांच्या सह्या घेऊन तो कमिशनाकडे देण्यांत आला.

अर्जांतील मागण्या आज वाचतांना आश्चर्य वाटतें तें त्यांच्या साधेपणाचें. दर रविवारीं सर्व मजुरांस पुरी सुटी असावी. दुपारीं अर्धा तास विसांवा असावा. काम सकाळीं साडेसहा वाजतां सुरू होऊन सूर्यास्तास थांबावें. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आंत मिळावा. आणि कामावर असतांना ज्यास जबर दुखापत होईल त्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, व जो जन्माचा अपंग होईल त्याच्या पोटाची कायमची सोय व्हावी. पगार वाढवा असें ह्यांत कोठेंहि नाहीं. कामाचे तासहि कमी करून मागितले ते किती थोडे! मागितला तो वेळ आणि मागितली ती शाश्वति. शेवटची मागणी मात्र फार पुढची होती. जर्मनी देशांत मजुरांच्या अपघाताच्या विम्याचा कायदा झाला तो ह्याच १८८४ सालीं. खुद्द इंग्लंडांत तसा कायदा होण्यास अजून तेरा वर्षें अवकाश होता.

कमिशननें कांहीं शिफारशी केल्या. कागद कलकत्त्यास गेले आणि तेथें पडून राहिले. नारायणराव स्वस्थ बसले नाहींत. बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन ह्या नांवानें ते सभा भरवीत, अर्ज धाडीत. ह्या संस्थेविषयीं एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. तिला आजच्या अर्थानें युनियन म्हणतां येणार नाहीं. सभासदांची यादी नव्हती, वर्गणी नव्हती, नियमांचें पुस्तक नव्हतें; नारायणराव अध्यक्ष म्हणून सही करीत व जो येईल त्यास फुकट सल्ला देत. कांहीं अभ्यासक ह्यावरून त्यांच्या कामास कमी लेखतात. आम्हांस तें पटत नाहीं. ज्या काळीं संप करणाऱ्या मजुरास कोणताच कायदा सांभाळीत नव्हता, आणि युनियनचा कायदा व्हावयास १९२६ साल उजाडावयाचें होतें, त्या काळीं वहीवर नांव चढविणें म्हणजे मुकादमाच्या हातीं यादी देणेंच होय.

१८९० सालीं गाडें हललें, आणि तें दोन्हीं टोंकांकडून एकाच वेळीं. मार्च महिन्यांत जर्मनीच्या बादशहानें बर्लिन शहरीं युरोपांतील राष्ट्रांची परिषद बोलाविली. मजुरांचे कायदे एकट्या राष्ट्रानें केले तर त्याचा माल महाग पडतो व शेजारी फावतो. म्हणून सर्वांनीं मिळून कांहीं सामान्य नियम ठरवावे, हा तिचा हेतु. लँकेशायर व मुंबई ह्यांच्या भांडणांत जी अडचण होती तीच ही. परिषदेनें आठवड्याचा विसांवा रविवारीं असावा असें सुचविलें. स्त्रियांस अकरा तासांहून अधिक काम व रात्रपाळी नसावी, आणि दिवसांतून दीड तास विसांवा असावा, असेंहि सुचविलें. हीं कलमें बंधनकारक नव्हतीं. पण इंग्लंडचे प्रतिनिधि तेथें बसले होते, आणि त्या सरकारास आतां हिंदुस्थानाकडे डोळेझांक करणें अवघड झालें.

इकडे २४ एप्रिल रोजीं महालक्ष्मी येथें नारायणरावांनीं मजुरांची प्रचंड सभा भरविली. सुमारें दहा हजार माणूस जमलें. त्या सभेंत गिरणींत काम करणाऱ्या दोन स्त्रिया उठून बोलल्या. आमच्या वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. तें साल १८९०. चांगल्या घरच्या शिकलेल्या बायांनींहि सभेंत तोंड उघडणें निंद्य मानलें जात होतें. त्या दोघींचीं नांवें सांगण्यास आज कोणी नाहीं, पण कामाचे तास व विसांवा ह्यांविषयीं मजूर स्त्रीनें सभेंत बोलण्याचा आपल्या भागांतील हा फार जुना दाखला आहे. रविवारच्या सुटीची मागणी सभेनें मालकांच्या संघाकडे पाठविली आणि १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें ती मान्य केली.

रविवार हाच वार कां, ह्याविषयीं दोन शब्द लिहिणें आमच्या पत्रांत अप्रस्तुत होणार नाहीं. सरकारी कचेऱ्या रविवारीं बंद असत हें एक कारण. महाराष्ट्रांतील कुणब्या-माळ्यांस रविवार हा खंडोबाचा वार, हें दुसरें. मजुरांनीं उपासनेच्या आमच्या दिवसासाठीं अर्ज केला नव्हता, आणि तसें कोणी समजूं नये. तथापि चौथ्या आज्ञेंत विसाव्याचा दिवस धन्यास जसा तसाच दासास, दासीस, परक्यास व गोठ्यांतील बैलासहि सांगितला आहे. त्या दिवसावर कोणा एका पंथाची मालकी नाहीं.

त्याच वर्षीं हिंदुस्थान सरकारनें नवें कमिशन नेमलें आणि मुंबईंतील चौकशीच्या वेळीं मजुरांची बाजू समजून घेण्यास नारायणरावांचें साहाय्य घेतलें. सहा वर्षांपूर्वीं बाहेरून अर्ज देणारा माणूस आतां आंत बसला. १८९१ सालीं नवा कायदा झाला. पन्नास माणसांच्या कारखान्यांपर्यंत तो खालीं आला. मुलांचें वय सातांवरून नवांवर गेलें, व नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांस सात तासांची मर्यादा झाली. स्त्रियांस अकरा तास काम व दीड तास विसांवा: बर्लिनचेंच माप. सर्वांस आठवड्यास एक सुटी, आणि दुपारीं अर्धा तास यंत्र बंद. पांच मागण्यांपैकीं दोन ह्या रीतीनें नारायणरावांच्या डोळ्यांदेखत कायद्यांत उतरल्या.

बाकीच्या तीन फार सावकाश आल्या. पुरुषांच्या कामास कापडगिरण्यांत बारा तासांची पहिली मर्यादा १९११ सालीं पडली. त्याच कायद्यानें चार महिन्यांहून कमी चालणारे हंगामी कारखानेहि आंत घेतले, म्हणजे आमच्या खानदेशांतील जी जिनें तोंवर मोकळीं होतीं त्यांच्या दारांत कायदा पोंचण्यास पहिल्या कायद्यापासून तीस वर्षें लागलीं. १९२२ सालीं आठवड्यास ६० तास झाले. आणि बाबासाहेब आंबेडकर ज्या सरकारांत मजूरखातें सांभाळीत होते त्याच सरकारच्या काळांत, १९४६ सालीं, ४८ तास झाले. अपघाताची भरपाई १९२३ च्या कायद्यानें मिळूं लागली, नारायणरावांच्या अर्जानंतर ३९ वर्षांनीं. पगाराची तारीख ठरण्यास १९३६ साल उजाडलें. मात्र तेथें मजुरास मागितल्याहून अधिक मिळालें. नारायणरावांनीं १५ तारीख मागितली होती, कायद्यानें लहान कारखान्यांस ७ वी व मोठ्यांस १० वी घातली.

एक उणीव सांगितल्यावांचून राहवत नाहीं. गिरण्यांतील विणाई खात्यांत पगार अधिक असे. पण धोट्यांतून सुताचें टोंक तोंडानें ओढून घ्यावें लागे, म्हणून विटाळाच्या कारणानें महार व इतर अस्पृश्य मजुरांस तेथें शिरकाव नव्हता. १८८४ च्या अर्जांत ह्याविषयीं शब्द नाहीं. हा प्रश्न आंबेडकरांनीं १९२८-२९ च्या संपाच्या काळांत धसास लावला. तसेंच शेतावरचा सालदार: आखाजीस ज्याचें साल ठरतें त्याचे तास कोणत्याच भोंग्यानें मोजले गेले नाहींत, आणि कारखान्याचा कायदा त्याच्या गोठ्यापर्यंत कधीं आला नाहीं. नारायणरावांचा अर्ज गिरणीपुरता होता, आणि त्यांनीं तो गिरणीपुरताच ठेवला, म्हणूनच कदाचित् तो पदरांत पडला.

त्यांचें बाकीचें कार्य थोडक्यांत सांगतों. १८९० सालींच मुंबईंतील नाभिकांनीं विधवांचें केशवपन करणार नाहीं असा निश्चय केला, त्यामागें नारायणरावांचें साहाय्य होतें. १८९३ च्या ऑगस्टांत मुंबईस हिंदु-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. मजुरांच्या वस्तींत रक्त सांडलें. दंगा शमल्यावर नारायणरावांनीं राणीच्या बागेंत दोन्ही समाजांचा एकोप्याचा मेळा भरविला. हजारों मजूर आले. पुढें सरकारनें त्यांस रावबहादूर ही पदवी दिली व जस्टिस ऑफ दि पीस नेमलें.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस ग्रंथिज्वर म्हणजे प्लेग उद्भवला. ज्यांस गांव होता ते गांवीं पळाले. गिरण्या ओस पडूं लागल्या. जे राहिले ते एकेका खोलींत दहा-दहा जण. सरकारी इस्पितळांची लोकांस अशी दहशत कीं, तेथें नेलेला माणूस परत येत नाहीं असेंच सारे समजत, आणि दुखणेकरी घरांतच दडवून ठेवीत. तेव्हां लोकांनीं विश्वासानें यावें म्हणून नारायणरावांनीं मराठा इस्पितळ उभें करण्यांत पुढाकार घेतला आणि रोग्यांच्या सेवेस ते स्वतः राहिले. त्यांचें वय पन्नाशीच्या आंतबाहेर. मुंबई सोडून जाण्यास त्यांस कोणी दोष दिला नसता. ह्या सेवेंतच त्यांस प्लेगची लागण झाली, आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजीं ते वारले. एक महिन्यानें, १० मार्च रोजीं, पुण्यास प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करितांना जोतीरावांच्या पत्नी सावित्रीबाई त्याच रोगानें गेल्या. इंग्लंडांत मजुरांच्या अपघाताच्या भरपाईचा कायदा झाला तो त्याच वर्षीं पुढें.